लेकी बोले, सुने लागे : चिनी लोकप्रिय चित्रपटांतला निसर्ग

घरात लहान मुले असतील तर 'बबलू-डबलू' हे नाव आपल्या कानांवरून नक्की गेले असेल. दोन अस्वले, त्यांचे जंगल आणि ते तोडायला करवत घेऊन आलेला टकलू लक्खा. हिंदी संवाद इतके चपखल बसले आहेत की ही मालिका आपल्याकडचीच वाटते. प्रत्यक्षात ती चीनमधली आहे. शेनझेनच्या फांतावाइल्ड या कंपनीने ती २०१२ मध्ये सुरू केली आणि इंग्रजीत तिचे नाव 'बूनी बेअर्स' असे आहे. २०१४ पासून याच अस्वलांचे पूर्ण लांबीचे चित्रपट येऊ लागले. चिनी नववर्षाच्या सुटीत मुलांना घेऊन ते पाहायला जाणे हा आता तिथल्या अनेक कुटुंबांचा रिवाज झाला आहे.

या मालिकेतला लक्खा नीट पाहिला तर तो खलनायक कमी आणि गांजलेला नोकर जास्त आहे. पगार थकलेला, झोपडीत एकटा राहणारा, सणाला घरी जायला पैसे नसलेला. त्याला झाडे तोडायला लावणारा मालक बहुतेक वेळा फोनवरूनच भेटतो. तो ओरडतो, लाकूड मागतो आणि फोन ठेवतो. पुढच्या काळात लक्खा लाकूडतोड सोडून पर्यटकांना जंगल दाखवणारा वाटाड्या होतो. चीनमधल्या खऱ्या लाकूडतोड्यांची वाटचालही काहीशी अशीच झाली. १९९८ साली यांगत्से नदीला महापूर आला. नदीच्या वरच्या अंगाला झालेली बेसुमार जंगलतोड हे त्यामागचे एक कारण मानले गेले आणि सरकारने तिथल्या नैसर्गिक जंगलांतली तोड थांबवली. २०१४ मध्ये ईशान्येकडील हेइलोंगजियांग प्रांतातल्या सरकारी जंगलांतही व्यापारी तोड बंद झाली आणि पुढे हे धोरण देशभर गेले. करवत खाली ठेवलेल्या माणसांपैकी कित्येक जण पर्यटनाकडे वळले.

म्हणजे मुलांच्या हसण्याखिदळण्याच्या कार्टूनमध्येही एका देशाचा निसर्गाशी बदलत गेलेला व्यवहार उमटलेला असतो. फक्त एक गोष्ट तिथे दिसत नाही, आणि ती म्हणजे फोनच्या पलीकडचा मालक.

चीनमध्ये कोणताही चित्रपट सरकारी परवान्याशिवाय चित्रपटगृहात लागत नाही. पडदा उजळला की आधी हिरव्या पार्श्वभूमीवर ड्रॅगनचे चिन्ह येते. तो तपासणी पार पडल्याचा शिक्का. अशा व्यवस्थेत नदी, हवा, जंगल यांच्या नाशाबद्दल बोलायचे तर दोष कोणाच्या माथी मारायचा हा प्रश्न लेखक-दिग्दर्शकाला फार जपून सोडवावा लागतो. 'लेकी बोले, सुने लागे' ही आपली म्हण चिनी दिग्दर्शकांना ठाऊक नसेल, पण तिचा उपयोग त्यांच्याइतका क्वचितच कोणी केला असेल. या लेखात काही गाजलेल्या चित्रपटांच्या आधाराने तेच पाहू.

डोंगर आणि पाणी

सुरुवात परंपरेपासून करावी लागेल. चिनी चित्रकलेत निसर्गचित्राला 'शान-श्वे' म्हणतात. शब्दशः अर्थ डोंगर आणि पाणी. या चित्रांत मोठा भाग धुक्याचा, कड्यांचा आणि मोकळ्या कागदाचा असतो. माणूस शोधावा लागतो. कुठे पुलावर एक ठिपका, कुठे होडीत बसलेला म्हातारा. मनुष्य आणि विश्व एकच आहेत हा विचार चिनी तत्त्वज्ञानात शतकानुशतके मांडला गेला, त्याचेच हे दृश्य रूप.

चित्रपटाने हा वारसा लवकर उचलला. शांघायच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ते वेई यांनी १९६० मध्ये बेडकाची पिल्ले आईला शोधायला निघतात अशी एक छोटीशी फिल्म केली. तिच्यातले मासे, खेकडे, कासवे थोर चित्रकार ची बाइशी यांच्या शाईच्या कुंचल्यातून उतरल्यासारखे पोहतात. याच ते वेईंनी १९८८ मध्ये 'शान-श्वे छिंग' केली. एक वृद्ध वादक, त्याची शिष्या, डोंगर आणि नदी. संवाद एकही नाही. जेमतेम वीस मिनिटांची ही फिल्म ज्यांना चिनी निसर्गदृष्टी समजून घ्यायची आहे त्यांनी सर्वांत आधी पाहावी.

लोकप्रिय चित्रपटांत हीच दृष्टी तलवारबाजीच्या कथांमधून आली. अँग ली यांचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला. बांबूच्या शेंड्यांवर तोल सांभाळत चाललेले ते द्वंद्व विसरणे कठीण. झांग यिमोउ यांच्या 'हीरो' (२००२) मध्ये पिवळ्या पानांच्या वादळात दोन स्त्रिया लढतात आणि एकीचा अंत होताना सगळे रान लाल होते. इथे निसर्ग माणसाच्या मनाचा आरसा आहे. तो अतिशय देखणा आहे आणि स्वतःसाठी काहीच मागत नाही. त्याला तहान लागत नाही आणि तो आजारीही पडत नाही.

एक गमतीशीर योग सांगण्यासारखा आहे. त्या बांबूच्या द्वंद्वाच्या चित्रीकरणाशी झेजियांग प्रांतातल्या अंजी या तालुक्याचे नाव जोडले जाते. याच अंजीतल्या यूत्सुन नावाच्या खेड्याने चुनखडीच्या खाणी बंद केल्या होत्या. २००५ साली तेव्हाचे प्रांताचे पक्षप्रमुख शी जिनपिंग तिथे गेले आणि हिरवे डोंगर व स्वच्छ पाणी हीच खरी संपत्ती आहे अशा आशयाचे बोलले. आज ते वाक्य चीनभर भिंतींवर रंगवलेले दिसते. 'पर्यावरणस्नेही संस्कृती' ही कल्पना २०१२ मध्ये पक्षाच्या घटनेत आणि २०१८ मध्ये देशाच्या राज्यघटनेत आली. थोडक्यात, निसर्गावर प्रेम करा असे म्हणायला तिथे कोणाचीच हरकत नाही. अडचण त्यापुढच्या प्रश्नापासून सुरू होते.

डोंगर हलवणारा म्हातारा

चिनी परंपरेत दुसरीही एक धारा आहे आणि ती तितकीच जुनी आहे. 'लिएझी' या प्राचीन ग्रंथात यू गोंग नावाच्या नव्वदीच्या म्हाताऱ्याची गोष्ट येते. त्याच्या घरासमोर दोन अजस्र डोंगर आडवे येतात म्हणून तो ते खणून काढायला बसतो. लोक हसतात. तो म्हणतो, मी गेलो तर माझी मुले खणतील, मग नातवंडे खणतील. डोंगर काही वाढणार नाही. शेवटी देवाला दया येते आणि डोंगर उचलले जातात. आपल्या भगीरथाच्या कथेची आठवण होते, कारण तिथेही काम पिढ्यानपिढ्या चालते. फरक असा की भगीरथ तप करतो आणि यू गोंग फावडे चालवतो.

माओ यांनी १९४५ मधल्या एका गाजलेल्या भाषणात ही गोष्ट सांगितली आणि १९४९ नंतर ती जणू राष्ट्रीय पाठ झाली. माणूस निसर्गावर मात करील ही त्या काळाची घोषणा होती. १९५८ मध्ये उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या 'चार उपद्रवां'विरुद्ध मोहीम निघाली. लोकांनी ताटे-भांडी बडवून चिमण्यांना खाली बसू दिले नाही. दमून त्या आकाशातून पडल्या. चिमण्या गेल्या आणि पिकांवरची कीड फोफावली. १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून काढून त्या जागी ढेकूण घातला गेला, पण तोवर देश भीषण दुष्काळात सापडला होता. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती. चिमण्यांचा संहार हे त्यांतले एक. त्या वर्षांतल्या पडद्यावर मात्र माळरान नांगरणारे आणि नद्या अडवणारे नायकच दिसत राहिले.

यू गोंग पुढेही वेषांतर करून येत राहिला. वू तिआनमिंग यांच्या 'ओल्ड वेल' (१९८७) मध्ये डोंगराळ मुलखातले एक तहानलेले गाव पिढ्यानपिढ्या विहीर खणते आणि त्यात माणसे गमावते. झांग यिमोउ यांनी या चित्रपटात प्रमुख भूमिका केली आहे. इथे निसर्ग आरसा राहत नाही. तो कोरडा आणि कठोर होतो, आणि त्याच्याकडून पाणी हिसकावून घ्यावे लागते.

या धारेचे सर्वांत भव्य रूप म्हणजे ग्वो फान यांचा 'द वाँडरिंग अर्थ' (२०१९). लिऊ त्सिशिन यांच्या दीर्घकथेवर बेतलेला हा चित्रपट चीनमध्ये साडेचारशे कोटी युआनपेक्षा अधिक कमाई करून गेला. सूर्य फुगत चालला आहे आणि पृथ्वी गिळली जाणार आहे. मग माणसे पृथ्वीवर दहा हजार प्रचंड इंजिने बसवतात आणि सगळा ग्रहच दुसऱ्या ताऱ्याकडे ढकलत नेतात. प्रवास अडीच हजार वर्षांचा. जमिनीवर बर्फ, लोक भूमिगत शहरांत, समुद्र गोठलेले.

अमेरिकी विज्ञानपटांत अशा वेळी मोजकी माणसे यानात बसून निघून जातात. इथे कोणी घर सोडत नाही. घरच खांद्यावर घेतले जाते. मातीवरची ही ओढ मनाला भिडते. पण जरा थांबून पाहिले तर या पृथ्वीवर जंगल नाही, पाखरे नाहीत, ऋतू नाहीत. उरले आहे ते एक भलेमोठे यंत्र. आणि संकटाला जबाबदार कोण? सूर्य. त्याच्यावर खटला भरता येत नाही. माणसाने केलेल्या हवामानबदलाच्या काळात प्रेक्षकांना आपत्तीची सगळी भीती अनुभवता यावी आणि दोष मात्र कोणाकडेच जाऊ नये, अशी ही सोयीची रचना आहे.

जलपरी आणि धुके

आता ज्या चित्रपटामुळे हा विषय खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचला त्याकडे वळू. पण त्याआधी एका माहितीपटाबद्दल सांगितले पाहिजे.

२८ फेब्रुवारी २०१५ रोजी चाय जिंग या माजी दूरचित्रवाणी पत्रकाराने स्वतः तयार केलेला 'अंडर द डोम' हा माहितीपट इंटरनेटवर आणला. विषय होता शहरांवर साचणारे विषारी धुके. साधी जीन्स घातलेली एक आई मंचावर उभी राहून आकडे आणि आलेख दाखवत विचारते, कोळसा आणि तेल जाळणाऱ्या कंपन्यांना आवरणारे कायदे कागदावर का राहतात? काही दिवसांत तो दहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. नव्याने आलेल्या पर्यावरणमंत्र्यांनी प्रारंभी तिचे कौतुकही केले. आणि आठवडाभरात तो चिनी संकेतस्थळांवरून नाहीसा झाला.

त्यानंतर वर्षभरातच, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशी हाँगकाँगचे विनोदवीर दिग्दर्शक स्टीफन चाऊ यांचा 'द मर्मेड' लागला. कथा अशी. ल्यू श्वान नावाचा नवश्रीमंत बांधकाम व्यावसायिक एक निसर्गरम्य खाडी विकत घेतो. तिथे भराव टाकून इमारती उभारायच्या आहेत. डॉल्फिन असतील तर परवानगी मिळणार नाही, म्हणून पाण्यात ध्वनियंत्रे बसवून सगळे जलचर हुसकावले जातात. त्या खाडीत एका मोडक्या जहाजात जलमानवांची वस्ती आहे. आवाजाने त्यांची कातडी सोलवटते, मुलेबाळे मरतात. बदला घेण्यासाठी शान नावाची जलपरी त्याला भुलवून मारायला पाठवली जाते. पण ती त्याच्या प्रेमात पडते.

चित्रपटाचा पहिला तास धमाल विनोदाचा आहे. पोलीस ठाण्यात नायक जलपरीचे वर्णन करतो आणि पोलीस एकामागून एक अचाट चित्रे काढून दाखवतात, तो प्रसंग तर हसून हसून पुरेवाट करणारा. पण या विनोदी चित्रपटात भराव, धूर, तेलाने माखलेले पाणी आणि रक्ताने लाल झालेला समुद्र यांची खरी दृश्येही आहेत, आणि शेवटाकडे जलमानवांवर बंदुका आणि भाले चालतात तेव्हा सभागृह गप्प होते. चीनमध्ये तीनशे कोटी युआनचा टप्पा ओलांडणारा हा पहिला चित्रपट ठरला.

जी गोष्ट माहितीपटाला महागात पडली ती परीकथेला कशी चालली? उत्तर दोषारोपात आहे. 'अंडर द डोम' कायदा राबवणाऱ्यांकडे बोट दाखवत होता. 'द मर्मेड'मध्ये दोष एका हावरट धनिकाचा आणि त्याच्याहून क्रूर असलेल्या त्याच्या भागीदारिणीचा आहे. खाडी विकली कोणी, परवानगी दिली कोणत्या कचेरीने, हे प्रश्न पडद्यावर कोणी विचारत नाही. उपायही खासगी आहे. श्रीमंत माणूस प्रेमात पडतो, त्याचे हृदय पालटते, तो आपली संपत्ती पर्यावरणासाठी देतो.

तरीही चाऊ यांना कमी लेखण्याचे कारण नाही. यांगत्सेतला बायजी हा डॉल्फिन २००६ च्या शोधमोहिमेत एकही दिसला नाही आणि तो जवळपास नामशेष झाल्याचे जाहीर झाले. किनाऱ्यावर भराव टाकून उभी राहिलेली शहरे प्रेक्षकांच्या रोजच्या पाहण्यातली होती. शानचे रडणे ऐकताना कोणाला काय आठवायचे ते आठवत होते. लेकीला बोललेले सुनेला बरोबर लागत होते.

याच सुमाराचा 'मॉन्स्टर हंट' (२०१५) हा बालपटही असाच. हुबा नावाचे मुळ्यासारखे गुबगुबीत राक्षसबाळ, आणि अशा राक्षसांना चविष्ट पदार्थ म्हणून श्रीमंतांच्या ताटात वाढणारी एक आलिशान खानावळ. रानटी प्राण्यांचे मांस खाण्याच्या शौकावरची ही टीका लहान मुलांनाही कळते. २००३ च्या सार्स साथीपासून हा विषय चीनमध्ये ज्वलंत होता. रानातल्या प्राण्यांचे मांस खाण्यावर व्यापक बंदी आली ती फेब्रुवारी २०२० मध्ये, करोनाच्या साथीनंतर. चित्रपटाने कायदा घडवला असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या पिढीला हुबा आवडला तिला तो कायदा समजावून सांगणे सोपे गेले असेल.

कालचा दोष सांगता येतो

परीकथेखेरीज आणखी एक मोकळी वाट आहे, ती भूतकाळाची. जे आज घडते आहे ते अवघड; जे काल घडले ते सांगता येते.

'वुल्फ टोटेम' (२०१५) हा फ्रेंच दिग्दर्शक झाँ-झाक आनो यांनी चिनी निर्मात्यांसह केलेला चित्रपट. जियांग रोंग यांची मूळ कादंबरी २००४ ची आणि प्रचंड खपाची. १९६७ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, बीजिंगचा छेन झेन हा विद्यार्थी आतल्या मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात मेंढपाळांकडे पाठवला जातो. तिथला वृद्ध बिलिग त्याला समजावतो की गवत हे मोठे जीवन आणि बाकी सगळी त्याच्यावर जगणारी लहान जीवने. लांडगे हरणांना आवरतात म्हणून गवत टिकते. लांडगा शत्रू खरा, पण तो नसेल तर कुरणच उरणार नाही.

मग बाहेरून लोक येतात. लांडग्यांनी हिवाळ्यासाठी बर्फात राखून ठेवलेली हरणे माणसे उचलून नेतात. भुकेले लांडगे घोड्यांवर तुटून पडतात. वरून हुकूम सुटतो, पिल्ले मारा. इथे अधिकारी स्पष्ट दिसतो, हुकूम स्पष्ट ऐकू येतो. कारण ते दशक चुकांचे होते हे अधिकृतपणेही मान्य झालेले आहे. कादंबरीत छेनने पाळलेल्या पिल्लाचा शेवट दुःखद आहे. चित्रपटात ते मोकळे होते. लोकप्रिय चित्रपट दुःख दाखवतो, पण प्रेक्षकाला घरी पाठवताना थोडी ऊब बरोबर देतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. चित्रपटासाठी खरे लांडगे पिल्लांपासून काही वर्षे सांभाळून वाढवले गेले, आणि त्यांचे डोळे पाहिले की त्या मेहनतीची खात्री पटते.

याहून कणखर चित्रपट म्हणजे लू च्वान यांचा 'केकेशिली' (२००४). तिबेटच्या पठारावरच्या या निर्जन मुलखात चिरू हा देखणा कुरंग राहतो. त्याच्या अंगावरची लोकर इतकी तलम असते की तिची शाल अंगठीतून आरपार जाते. हीच ती शाहतूश. आणि इथे आपला धागा थेट जुळतो, कारण चिरूची लोकर चोरवाटांनी काश्मीरला येत असे आणि तिथल्या कारागिरांच्या हातून तिच्या शाली होत. लोकर काढायला जनावर मारावेच लागते, आणि एका शालीला तीन ते पाच चिरू लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लाखांच्या घरात असावेत असे मानले जाणारे चिरू शतकाअखेर लाखाच्याही खाली आले. चीनमधली बंदूक आणि परदेशातली हौस यांच्यामध्ये भारतातला मागही उभा होता, हे आपण विसरता कामा नये. आता भारतात शाहतूशचा व्यापार पूर्ण बेकायदा आहे.

चित्रपट १९९० च्या दशकातल्या खऱ्या घटनांवर आधारलेला आहे. सोनम दार्ग्ये या स्थानिक तिबेटी अधिकाऱ्याने शिकाऱ्यांविरुद्ध गस्तीपथक उभे केले आणि १९९४ मध्ये शिकाऱ्यांच्या गोळीबारात त्याचा मृत्यू झाला. पुढे त्याच्या जागी आलेल्यांनीही लढा चालू ठेवला. चित्रपटातल्या गस्तीवाल्यांना पगार नाही, पेट्रोल नाही, पुरेशी माणसे नाहीत. खर्च भागवण्यासाठी त्यांना जप्त केलेली काही कातडी विकावी लागतात, आणि पथकाचा प्रमुख हे पत्रकारापुढे कबूल करतो. शिकाऱ्यांसाठी कातडी सोलणारा म्हातारा पूर्वीचा मेंढपाळ आहे. कुरण वाळून गेले, जनावरे मेली, म्हणून तो या धंद्यात आला. एकाही माणसाला पूर्ण काळे किंवा पूर्ण पांढरे रंगवलेले नाही. पथकातला एक जण एकटाच सरकत्या वाळूत रुततो आणि हळूहळू नाहीसा होतो, तो प्रसंग पाहताना आपलाच श्वास अडकतो.

हा चित्रपट जे सांगतो ते परवान्याच्या चौकटीत राहूनच सांगतो. शेवटी पाटी येते की सरकारने लक्ष घातले, अभयारण्य झाले, चिरू वाढू लागले. ही गोष्ट खरीच आहे. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत चिरूचा दर्जा 'संकटग्रस्त'वरून 'संकटाच्या जवळ' असा सुधारला आणि २०१७ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसास्थळ झाला. पण पाटी येईपर्यंत प्रेक्षकाने दीड तास ते रिकामे पठार पाहिलेले असते, जिथे सरकार पोहोचलेले नव्हते.

जे तिकीटबारीवर चालत नाही

आजच्या काळाबद्दल, सरकारी प्रकल्पाबद्दल, कोणतीही परीकथा न रचता बोललेला एक चित्रपट तुलनेसाठी सांगायला हवा. ज्या झांगके यांचा 'स्टिल लाइफ' (२००६). यांगत्सेवरच्या तीन घळयांच्या धरणामुळे बारा लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. फंगज्ये हे प्राचीन गाव त्यांतलेच. शान्शी प्रांतातला एक खाणकामगार हरवलेल्या बायकोचा पत्ता शोधत तिथे येतो तर पत्त्यावरची गल्ली पाण्याखाली गेलेली. उरलेली घरे मजूर घणाने पाडत आहेत. दहा युआनच्या नोटेवर छापलेली घळ आणि समोर दिसणारी, पाणी चढत चाललेली घळ, दोन्ही एकाच चौकटीत येतात. आपल्यापैकी जे मध्य प्रदेशात वाढले त्यांना इथे २००४ मध्ये बुडालेले हरसूद आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथेही लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली होती.

या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चीनमध्ये तो झांग यिमोउ यांच्या सोन्याने मढवलेल्या 'कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर'च्याच दिवशी मुद्दाम प्रदर्शित केला गेला. गर्दी कुठे झाली हे सांगायला नको. त्यातही तपासणी अधिकाऱ्याइतकाच प्रेक्षकाचाही वाटा असतो. नववर्षाच्या सुटीत मुलाबाळांसह बाहेर पडलेल्या कुटुंबाला बुडालेले गाव पाहायचे नसते. म्हणूनच गर्दीपर्यंत निसर्ग पोहोचवायचा तर चाऊंसारखा विनोदाचा आणि परीकथेचा आधार लागतो.

कॅमेऱ्याची पावले

निसर्गाचे गुणगान करणारा चित्रपट स्वतः निसर्गाशी कसा वागतो, हाही प्रश्न चीनमध्ये विचारला गेला. चेन कायगे यांच्या 'द प्रॉमिस' (२००५) या भव्य कल्पनापटाचे चित्रीकरण युन्नान प्रांतात शांग्री-ला भागातल्या एका उंच सरोवराकाठी झाले. युनिट परतल्यावर मागे कचरा, बांधकामाचे अवशेष आणि तुडवलेली झुडपे राहिली. २००६ मध्ये एका उपमंत्र्यांनीच जाहीर टीका केली, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला आणि निर्मात्यांना दंड झाला.

याउलट प्रकार झांगज्याज्ये इथे झाला. 'अवतार' हा अमेरिकी चित्रपट चीनमध्ये तुफान चालला. घरे पाडून जमिनी घेणाऱ्यांची त्यातून अनेकांना आठवण झाली. तिथल्या पर्यटन अधिकाऱ्यांना मात्र त्यातले तरंगते डोंगर आपल्या सुळक्यांसारखे वाटले, आणि जानेवारी २०१० मध्ये एका सुळक्याला त्या चित्रपटातल्या डोंगराचे नाव देण्यात आले. जंगल वाचवण्याची कथा पर्यटकांची बस होऊन परत आली. लक्खाने करवत टाकून पर्यटकांची शिट्टी हाती घेतली, त्याचा हा मोठा अवतार म्हणता येईल.

कसे पाहावे

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग हे चित्रपट खोटे का? तसे मुळीच नाही. २०१३ नंतर बीजिंगची हवा पुष्कळ सुधारली, जंगले वाढली, चिरू परतले. या बदलामागे लोकांची जी अस्वस्थता होती तिला या चित्रपटांनी जागा दिली. फक्त ते पाहताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. निसर्गाचे नुकसान कोणी केले असे पडदा सांगतो? ज्याने सही केली तो पडद्यावर दिसतो का? आणि शेवटी निसर्ग वाचतो तो कशामुळे: एकाचे मन पालटल्याने, वरून आलेल्या हुकमाने, की तिथे राहणाऱ्या माणसांच्या झगड्याने?

हे प्रश्न चिनी चित्रपटांपुरते नाहीत. आपल्या नद्या, आपले घाट, आपल्या खाणी यांवर हिंदी-मराठीत चित्रपट निघतात तेव्हाही खलनायक बहुधा एखादा गॉगल घातलेला बिल्डर असतो, आणि आपण टाळ्या वाजवून घरी येतो. आपल्याकडे बोलायला मोकळीक अधिक आहे. म्हणून अपेक्षाही अधिक ठेवायला हवी.

रसिकांनी सुरुवात करायची असेल तर मुलांसोबत 'शान-श्वे छिंग' आणि 'मॉन्स्टर हंट' पाहावेत. थोड्या मोठ्या मुलांसाठी 'द मर्मेड', पण शेवटचा हिंसक भाग आधी स्वतः पाहून. 'वुल्फ टोटेम' आणि 'केकेशिली' मोठ्यांनी एका पाठोपाठ एक पाहिले तर चर्चेला रात्र पुरणार नाही. आणि नातवंडे 'बबलू-डबलू' लावून बसली असतील तर जवळ बसून सहज विचारावे, लक्खाला फोन कोण करतो रे? मुले विचार करू लागतील. सिनेमा पाहायला शिकवण्याची याहून सोपी रीत नाही.